सावड कुणी मोडली

"...मग सावड मोडली कुणी, बुवा? मी तर एकाचंही नाव फोडलं नाही."

प्रमदा शिळीमकर सकाळपासून हेच घोकत होती. आत्मारामबुवा मठाच्या ओट्यावर भाजी निवडत बसले होते. समोर कितीही मोठा माणूस येऊन बसो, बुवांचे हात रिकामे नसायचे.

बाई हुशार, त्यात वाद नाही. विद्यापीठात शिकवायची. माणसं एकमेकांशी अशी का वागतात, याचा तिचा अभ्यास. आपल्याला कळत नाही असं जगात काही असू शकतं, हे मात्र तिला पटायचं नाही. लहानपणापासून मठात येणं-जाणं, म्हणून बुवांपुढं मान खाली. तीही जेवढ्यास तेवढी.

नांदखोल हे डोंगरातलं भाताचं गाव. लावणीला तिथं मजूर लावत नसत. सगळा गाव मिळून आज याच्या खाचरात, उद्या त्याच्या, अशी सावड चालायची. कोण किती राबला, हे कुणी मोजत नसे. हौसाबाईला कमरेमुळं वाकता येत नव्हतं. ती बांधावर बसून गाणी म्हणायची आणि तिचंही खाचर लावून व्हायचं.

प्रमदाला याचंच नवल वाटलं. समतेच्या गोष्टी बोलणारा माणूस सावडीला जास्त येतो का? एका पक्षाला मत देणारा दुसऱ्या पक्षवाल्याच्या चिखलात उतरतो का? तिनं घरोघरी बसून, दार लोटून विचारलं. शेवटचा प्रश्न तिनं स्वतः डोकं लढवून घातलेला, आणि त्याचा तिला भारी अभिमान. सावडीत अंग कोण चोरतं? नाव सांगा, बाहेर जाणार नाही.

गेलंही नाही. बाई शब्दाची पक्की. तिचा निबंध गाजला, परदेशातही वाचला गेला.

यंदा लावणीला मात्र जो तो आपापल्या खाचरात. भांडण नाही, तंटा नाही. नुसतं कुणी कुणाला हाक मारली नाही. हौसाबाईचं खाचर पडीक राहिलं. लेकीच्या दारी जाणार नाही म्हणणारी म्हातारी शेवटी घराला कुलूप घालून लेकीकडं गेली. ते कुलूप प्रमदानं डोळ्यांनी पाहिलं, आणि तेव्हापासून तिला अन्न गोड लागेना.

"निवडणुकीनं गाव फोडला असेल," ती म्हणाली.

"याआधी निवडणुका होत नव्हत्या?"

प्रमदानं विषय बदलला.

सोमवारपासून तिची माणसं तालुक्यातल्या बाकीच्या गावांत तेच प्रश्न घेऊन जाणार होती. ती आली होती आशीर्वाद घ्यायला. खरं सांगायचं तर तुझा यात काही दोष नाही, एवढंच तिला बुवांच्या तोंडून ऐकायचं होतं.

बुवांनी भाजी उचलली. आधी जेवून घे म्हणाले.

मठाची पंगत म्हणजे खुशीचा मामला. पानावर आडवा हात येईपर्यंत वाढपी वाढत राहायचा. धर्मानाना धनगर तर भाताचा डोंगर फस्त करायचे. पोट आहे का कणगी, असं लोक म्हणायचे, नाना हसायचे आणि आणखी भात मागायचे. त्या दिवशीही तसंच चाललं होतं. प्रमदाला बरं वाटलं.

पहिला भात संपत आला तसे बुवा आपल्या पानावरून बोलले.

"मंडळी, एक विचारतो. या पंगतीत आपल्या वाट्यापेक्षा जास्त कोण जेवतं? आत्ता बोलू नका. हात धुतल्यावर एकेकानं येऊन माझ्या कानात सांगा. नाव बाहेर जाणार नाही."

एवढंच. बुवा पुन्हा जेवू लागले.



वाढपी भाताचं पातेलं घेऊन आला. पहिल्यानं पानावर हात धरला. दुसऱ्यानंही धरला. धर्मानानांनी तर पातेलं लांब असतानाच पान झाकलं आणि खाली बघत बसले. त्यांच्या शेजारचा तिरक्या नजरेनं त्यांच्या पानाकडं पाहत होता. मग त्याच्या ध्यानात आलं, की पलीकडचा आपल्याकडं पाहतोय.

प्रमदा शेजारी बसलेल्या बुवांकडं झुकली.

"बुवा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "अजून कुणी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

"नाही घेतलं."

"मग त्यांना सांगा ना, गंमत होती म्हणून."

बुवांनी लगेच सांगितलं. मंडळी, गंमत केली, पोटभर जेवा, कानात कुणी काही सांगायचं नाही. लोक हसले. पण पानांवरचे हात तसेच राहिले.

तिला राहवलं नाही. ती अर्ध्या जेवणावरून उठली, हात धुऊन आली आणि वाढप्याच्या हातून पातेलं घेतलं. आयुष्यात तिनं कुणाला इतका आग्रह केला नसेल. घ्या हो, थोडा तरी घ्या, भात ऊन आहे. एकेक जण मान हलवत होता. धर्मानानांपुढं ती वाकली, तर ते म्हणाले, "पोट भरलं, ताई." त्यांचं पोट भरलेलं नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

वाढता वाढता ती पंगतीच्या टोकाला बुवांपाशी आली. तिचे डोळे भरले होते.

"बुवा, निदान तुम्ही तरी घ्या..."

बुवांनी पानावर आडवा हात धरला.

"नको, पोरी... तो प्रश्न मीही ऐकलाय."