इवालूची शिवण

फार वर्षांपूर्वी, बर्फ माणसांना नावानं ओळखायचा तेव्हाची ही गोष्ट. उत्तरेला पार टोकाला, जिथं औषधालाही झाड सापडत नाही, तिथं सिकुलिक नावाचं गाव होतं. त्या गावात इवालू राहायची. शिवणारी बाई, पण अशीतशी नव्हे. तिनं शिवलेले सीलच्या कातड्याचे बूट घालून दिवसभर पाण्यात उभं राहा, आत थेंब शिरायचा नाही. कारण ती सुई कातड्यातून आरपार काढतच नसे, अर्ध्या जाडीतून आतल्या आत फिरवायची. हा टाका तिला आजीनं शिकवला होता. तिच्या शिवणीपाशी येऊन वारासुद्धा हात हलवत परत जायचा, असं म्हणतात.

त्या गावाचा एक नियम होता. रेनडियर जमिनीचा आणि सील समुद्राचा, दोघांची सरमिसळ करायची नाही. समुद्राच्या बर्फावर तळ पडला की रेनडियरच्या कातड्याला सुई लावायची नाही. काय शिवायचं ते आधी जमिनीवर. नाहीतर खोल पाण्यात राहणारी समुद्राची आई रागावते.

एका वसंतात बारा शिकारी सीलच्या मागावर बर्फावर राहिले होते. फाटलं-उसवलं बघायला इवालू सोबत होती. तिचा धाकटा भाऊ तुलुगाक त्या बारांतलाच. आईबाप गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं. एका सकाळी त्याच्या कोटाची बाही खांद्यापाशी उसवली आणि बघता बघता हात निळा पडायला लागला. कोट रेनडियरच्या कातड्याचा. इवालूला नियम ठाऊक नव्हता का? चांगला ठाऊक होता. पण माया आंधळी असते. चार टाक्यांनी काय होतंय, म्हणाली, आणि सुई काढली.

चौथा टाका पडला, गाठ मारायची राहिली, आणि बर्फ कडाडला. तळ आणि किनारा यांच्यामध्ये हातभर भेग पडली आणि रुंदावत चालली. भल्याभल्या शिकाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे मी केलं," इवालू म्हणाली. "मीच निस्तरते."

ती भेगेपाशी गुडघ्यांवर बसली आणि चक्क बर्फ शिवायला लागली. पहिला दोरा रेनडियरच्या स्नायूंच्या चिवट तंतूंचा होता. तो तटकन तुटला. जमिनीचा दोरा समुद्र कसा धरेल? मग तिनं कमरेपर्यंतची वेणी कापली आणि केसांचा दोरा वळला. घाईघाईत सुई आरपार गेली. खालून पाणी उसळलं आणि तोही तुटला. तेव्हा तिला आजी आठवली. "सुई आरपार घालू नकोस, पोरी. पलीकडे कुणीतरी राहतं."

इवालूनं उरलेल्या केसांचा दोरा ओवला, श्वास रोखला आणि बर्फाच्या अर्ध्या जाडीतून सुई फिरवली. एक टाका. दुसरा. भेग ओढली गेली आणि दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या. पण ओल्या केसांची गाठ काही बसेना. तेव्हा तिनं दोऱ्याचं टोक मुठीला गुंडाळलं आणि घट्ट धरून बसली.

अकरा जण धावत किनाऱ्याला लागले. तुलुगाक हलेना.

"ताई, आधी तू."

"मी उठले तर शिवण उसवेल."

"मग मीपण इथंच बसतो."

इवालू चिडली. "बाही कशाला शिवली रे मी? इथं गारठून मरायला? ऊठ म्हणते ना!"

तो रडत रडत पलीकडे गेला. मागं वळला तेव्हा बर्फ सुटला होता. इवालू ताठ बसून दूर चालली होती आणि केसांचा दोरा तिच्या मुठीपासून किनाऱ्यापर्यंत लांब लांब होत चमकत होता. क्षितिजापर्यंत तो तुटला नाही, असं म्हणतात. समुद्राच्या आईला बोटं नाहीत, स्वतःचे केस विंचरता येत नाहीत. आता इवालू तिची वेणी घालते, असंही म्हणतात. म्हणूनच समुद्राची आई पूर्वीसारखी रागावत नाही.

सिकुलिकमध्ये आजही कुणी बर्फावर निघालं की त्याच्या बुटांचा शेवटचा टाका गाठ न मारता सोडतात. माणूस घरी आला की बहीण नाहीतर आई ती गाठ मारते. आणि गावच्या मोठ्या घरात तुलुगाकचा जुना कोट टांगलेला आहे. खांद्यावर चार टाके, पुढं दोरा लोंबतोय. त्याच्या नातवंडांच्या नातवंडांनीही त्याला गाठ मारलेली नाही. ती इवालूनं मारायची आहे.