दगड उचलणाऱ्या बाई

समुद्र आतापेक्षा कमी खारट होता असं म्हातारे खेकडे सांगतात, तेव्हाची गोष्ट. एका खडकाळ बेटावर दुसरीकडे कुठेच नाहीत अशा पाली राहत. दरवर्षी थंडीत हेमांगीबाई होडीतून यायच्या, एकेक दगड उचलून खालची पाल मोजायच्या आणि दगड होता तसा ठेवायच्या.

बावीस वर्षं हे चाललं होतं. पाली कंटाळल्या. यंदा सगळ्या खोल कपारीत जाऊन बसल्या.

बाईंचे गुडघे आता दुखत होते. दुपारपर्यंत निम्मे दगड उचलून झाले, पण एकही पाल दिसली नाही.

"संपल्या असं लिहा नि चला," होडीवाला काशिराम म्हणाला. "बेट खाणीला जायचंय, पाली आहेत म्हणून अडलंय. तुम्ही एकट्या कुठवर अडवणार?"

"उरलेले बघते," बाई म्हणाल्या.

थोरली पाल कपारीतून बघत होती. बाई वाकायच्या, दगड उचलायच्या, खाली कोणी नाही हे बघायच्या आणि तो जपून होता तसाच टेकवायच्या. शेवटचा दगड ठेवून त्या तिथेच मटकन बसल्या. तेव्हा पाल बाहेर आली आणि त्यांच्या चपलेशेजारी थांबली.

"आहेस होय," बाई म्हणाल्या आणि वहीत एक रेघ ओढली.

होडी गेल्यावर एका म्हाताऱ्या खेकड्यानं विचारलं, "खाणीला भ्यालीस म्हणून बाहेर आलीस?"

"खाण म्हणजे काय ते मला ठाऊक नाही," पाल म्हणाली. "पण ती बाई रिकाम्या घराचंही दार लावून जात होती."