पांढरीची अंडी

एकदा एका डोंगरवाडीत एक वृद्धा राहत असे. कोंबड्यांच्या बाबतीत तिचा शब्द अखेरचा मानला जाई. तिची शिष्या म्हणजे तिचीच नवी सून. सासूच गुरू असणे किती अवघड, हे सुनांना सांगायला नको. पण या दोघींचे बरे चालले होते.

सुनेची एक पांढरी कोंबडी होती. लग्नानंतर आईने हौसेने दिलेली, टपोरी अंडी घालणारी. एका उन्हाळ्यात शेजारच्या गावी कोंबड्यांना मानमोडी लागल्याचे कळताच सुनेने पांढरीला माहेरी पोहोचवले आणि साथ पूर्ण ओसरल्यावरच परत आणले. तोवर अंगणातली तीस पाखरे माना पिळवटून मेली होती. उरल्या होत्या दोन किरकोळ कोंबड्या आणि एक रोडका कोंबडा.

पुढे त्यांतली एक कोंबडी खुडूक होऊन उबवायला बसली. सुनेने पांढरीची अंडी तिच्याखाली मांडली. सासूने ती एकेक करून काढली, त्या जागी त्या दोन किरकोळ कोंबड्यांची लहान अंडी ठेवली आणि टपोऱ्या अंड्यांचे चक्क कालवण केले. सुनेला घास गिळवेना. माझ्या माहेरची म्हणून नकोत का, असे तिने शेवटी विचारलेच.

सासू म्हणाली, "पोरी, तुझी कोंबडी गुणाची हाय, ते मला दिसत न्हाई व्हय? पर आजार तिच्या वाट्याला आलाच न्हाई. तिच्यात किती दम हाय, ते तिलाबी ठावं न्हाई. ह्या दोघी आजाऱ्यांत राहून तगल्या. त्यांची समदी पिल्लं तगतील असं न्हाई. जी तगतील, त्यांचीच अंडी फिरून बसवायची. असं वर्सानुवर्सं केलं, तर मानमोडी चार पाखरं नेईल, पर खुराडं रिकामं न्हाई करायची."

पुढच्या उन्हाळ्यात साथ पुन्हा आसपास आली. सून पांढरीला पाटीत घालून निघाली, दारापर्यंत गेली आणि थबकली. मग तिने आपल्याच हाताने तिला अंगणात सोडले. सासूने तसे सांगितले नव्हते.

साथ अंगणात आलीच. चौदा नव्या पाखरांपैकी सहा गेली, आठ राहिली. पांढरी तीन दिवस पंख पाडून कोपऱ्यात बसली होती. सुनेचा जीव टांगणीला लागला. सासूचाही लागला होता, पण ती कबूल करीना. मात्र वाटीत पाणी घेऊन पांढरीपाशी दहा वेळा जात होती तीच. चौथ्या दिवशी पांढरी उठली आणि दाण्यावरून इतरांशी भांडू लागली.

काही महिन्यांनी सून माहेरी निघाली, तेव्हा सासूने पांढरीची अंडी कोंड्यात नीट रचून टोपली तिच्या हाती दिली.

"आईला सांग, खायची न्हाईत, खुडकाखाली ठिवायची. आन् म्हणावं, तुमच्या घरच्या दोघीबी दमाच्या निघाल्या."

 वाटेतला ओढा ओलांडताना सुनेने डोक्यावरची टोपली उतरवून पोटाशी धरली.