साळूच्या पाठीवरचे कंद

एका श्रावणात मी महादेवापुढे नेम धरला होता, की डोंगरावरच्या दर्शनाला जाताना माझं पाणी माझं मीच वाहीन. तिसऱ्याच सोमवारी कंटाळा केला, भरलेला तांब्या घरीच ठेवला आणि अर्ध्या वाटेवर जाऊबाईंच्या लेकीचं पाणी पिऊन संपवलं. पोर तशीच तहानेली डोंगर चढली. म्हणून ही गोष्ट सांगताना, बाळांनो, माझीही मान जरा खालीच असते.

दूरच्या एका रानात काटेरी अंगाची एक साळू राहत असे आणि तिच्या शेजारच्या झाडावर एक माकड. साळूची बहीण होती पठारापलीकडच्या दरीत. पठार तीन दिवसांच्या वाटेचं, त्यावर ना झाड, ना झरा. कधीतरी जावं लागेल, म्हणून साळू रोज ओझं घेऊन टेकडी चढायचा सराव करी. त्यामुळे बहीण तापाने फणफणली आहे असा पाखरांकडून निरोप आला, तेव्हा ती त्याच दिवशी निघाली. भोपळ्यात पाणी भरलं, खाण्याच्या पुड्या काट्यांना अडकवल्या आणि सगळ्यांत वर लाल पानांत बांधले औषधाचे पाच कंद, रोज एक द्यायला. माकड हसून म्हणालं, "साळूताई, देवळाच्या दारावरचं तोरण दिसतेस अगदी! मीही येतो सोबतीला. झाडावर चढून वाट दाखवीन." साळू म्हणाली, "ये की. पण तुझं पाणी?" "हे काय, घेतलंय ना!" माकड म्हणालं आणि जड होतं म्हणून वाटेतच अर्धा भोपळा ओतून मोकळं झालं.

पठारावर चढायला झाडच नव्हतं. पहिल्याच दिवशी माकडाचं पाणी संपलं. साळूने आपल्यातलं दिलं. दुसऱ्या दिवशी तिने शेवटचा घोटही त्यालाच दिला आणि दुपारी कातळाच्या सावलीत डोळे मिटून पडली. माकडाच्या घशाला कोरड पडली होती. लाल पानांतून ओल्या कंदांचा वास येत होता. 'पाचांतले दोन गेले तर काय बिघडतं?' असं म्हणत त्याने दोन कंद काढून गालांत कोंबले. तेवढ्यात साळूला जाग आली. तिने त्याचे फुगलेले गाल पाहिले, अंग हलवून पुडी किती हलकी झाली ते पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "चल, ऊन उतरलं." माकडाला वाटलं, हिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तोंडातला घास त्याने कसाबसा गिळला.

दरीत पोचल्यावर बहिणीने कशीबशी मान उचलली. "तीनच कंद आणलेस गं?" साळू म्हणाली, "दोन वाटेत पडले." हे ऐकून माकडाला जमिनीत तोंड लपवावंसं वाटलं. ते पुढे आलं. "पडले नाहीत, ताई. मी खाल्ले. माझं पाणी मीच ओतून दिलं आणि तहान तुझ्या औषधावर भागवली." दुसऱ्या दिवशी पहाटे माकडाने भोपळा काठोकाठ भरला, खाणं बांधलं आणि रानातून नवे कंद आणायला एकटंच परत फिरलं. तीन कंदांनी ताप उतरला, पण बहिणीला उठवेना. सातव्या दिवशी माकड आलं. ओठ फाटलेले, पाय सोललेले, हातात मात्र दोन नवे कंद जसेच्या तसे. ते खाऊन बहीण उठून बसली. साळू म्हणाली, "ये रे, जेव आता आमच्यात." माकडाने मान वर केली नाही. "माझं आहे माझ्याजवळ," म्हणत ते दारातच बसलं आणि उरलेली पुडी सोडू लागलं. तेव्हा साळू उठली आणि आपलं पान घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसली.

तात्पर्य : आपली शिदोरी आपण वाहिली नाही, की ती कुणा दुबळ्याच्या तोंडातून काढून घ्यावी लागते. तेव्हा बाळांनो, लांबच्या वाटेला निघाल त्याआधी सगळं ओझं खांद्यावर घेऊन अंगणात चार फेऱ्या मारून पाहा, आणि जड लागलं तरी पाणी तेवढं ओतू नका. एवढं माझं ऐकाल ना?