पहिल्या हॉटेलचा दगड

"मग या किनाऱ्यावर पहिलं कोण, बाबा? आम्ही की पेडणेकर?"

कादरबाबा दर्ग्याच्या पायरीवर दोर वळत बसले होते. वय पंच्याऐंशीच्या घरात. वेळणगावचा जुना काळ पाहिलेलं दुसरं कोणी उरलं नव्हतं, म्हणून तर उदय मयेकर चकचकीत बूट घालून वाळू तुडवत आला होता. किनाऱ्यावरचं सगळ्यात मोठं हॉटेल त्याचं. ऐट अशी, की जणू समुद्रही त्याच्याच आजोबांनी आणून ठेवलाय.

"उद्या हॉटेलच्या दारात आजोबांच्या नावाचा दगड बसवतोय. 'पाहुण्यांना समुद्र दाखवणारे पहिले, गोविंद मयेकर.' चारचौघांत तुम्ही एवढंच म्हणा, की हे खरं आहे. नाहीतर पेडणेकर मान घेऊन जातील."

"हॉटेल तर पेडणेकरांचंच आधी झालं."

उदयचा चेहरा पडला.

"पण पाहुणे," बाबा म्हणाले, "त्याआधीपासून गोविंदाकडे यायचे."

उदयची छाती पुन्हा फुगली. "कुठं? ती जागा दाखवा. दगड तिथंच बसवतो, शब्द दिला!"

बाबा उठले. दोराचं एक टोक उदयच्या हातात दिलं, दुसरं स्वतःच्या कमरेला बांधलं आणि समुद्राकडे निघाले.

वाळू संपली. बाबा थांबले नाहीत. पाणी गुडघ्यापर्यंत... कमरेपर्यंत... छातीपर्यंत.

"बाबा, मागं या! वाहून जाल!"

"घाटावरच्या लोकांना पोहता येत नसे," बाबांनी तिथूनच हाक दिली. "गोविंदा रोज सकाळी इथं उभा राहायचा, कमरेला दोर बांधून. काठावरचं टोक माझ्या हातात. मधला दोर धरून बायकापोरं लाटा अंगावर घ्यायची. सोळा वर्षं. एकही माणूस गेला नाही, पोरा."

उदयला हे घरात कोणी सांगितलं नव्हतं. त्याला फार अभिमान वाटला, आणि आपल्या बुटांची लाजही वाटली. जन्म किनाऱ्यावर गेला, पण अंघोळ हॉटेलच्या तलावात.

त्याने बूट काढले. दोर धरून तो पाण्यात शिरला. बाबांपाशी पोचेपर्यंत दोनदा पडला. तिसऱ्या लाटेला त्याने बाबांचा खांदा घट्ट धरला.

"इथं?" त्याला धाप लागली होती. "इथं दगड कसा टिकेल, बाबा?"

बाबांनी पाय वाळूत रोवले.

"गोविंदा टिकायचा."