नऊ बेडकांचे अभ्यंग

पूर्वी कंकावती नगरीत भद्रसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने एका कुंभाराच्या घरी जन्म घेतला. नाव पालित. वैद्यांच्या पाठशाळेतून तो तिसऱ्याच वर्षी बाहेर पडला होता. म्हाताऱ्या गुरूंना प्रश्न विचारलेले चालत नसत आणि याला विचारल्यावाचून राहवत नसे. पुढे राजवाड्यातल्या पशुपक्ष्यांची देखभाल त्याच्याकडे आली.

एकदा दक्षिणेच्या राजाने वेताच्या करंडीतून नऊ बेडूक भेट पाठवले. झाडावर राहणारे, कोवळ्या पानासारखे हिरवे, अंगठ्याएवढे. चाळीस दिवसांच्या प्रवासात करंडीतले शेवाळ सुकले होते आणि बेडूक अर्धमेले झाले होते.

पालित म्हणाला, "यांना आधी ओल्या सावलीत सोडा. कोणी हात लावू नका."

पण घराण्याची रीत होती. राजवाड्यात नवा जीव आला, मग ती सून असो, घोडा असो की पोपट, घरातल्या सर्वांत वडील बाईने सात दिवस त्याला स्वतःच्या हाताने हळद-तेल लावायचे. राजमाता कनकप्रभांनी नऊही बेडकांना एकेक करून तेल चोपडले. सगळे कौतुकाने बघत उभे. घोड्याला चालते ते बेडकाला चालेल का, एवढा साधा विचार एकाही पांढऱ्या डोक्यात आला नाही.

बेडूक कातडीने पाणी पितो, श्वासही घेतो. पालितने हे पोथीत वाचले नव्हते. बापाच्या चिखलाच्या खड्ड्याशी लहानपणी तासन्‌तास बसून पाहिले होते.

तिसऱ्या दिवसापर्यंत तीन मेले. उरलेल्या सहांचे डोळे आत गेले, रंग मातकट झाला, मागचे पाय पसरले ते पसरलेच. पालित राजवैद्य धन्वमित्रांकडे गेला. ते त्याचे जुने गुरू.

"आचार्य, तेलाने मरताहेत ते."

"हळू बोल. तीन वर्षांत पळालास, आणि आता बेडकांची नाडी बघतोस होय?" मग आवाज उतरवून ते म्हणाले, "प्रवास बाधला, असं सांग. मी मान डोलावीन. पुढच्या महिन्यात तुला पाठशाळेत परत घेतो, माझ्या शेजारी बसवतो. उरलेले मेले तर मेले."

"तुम्हाला माहीत होतं?"

आचार्य खलात काहीतरी घोटत राहिले. माहीत होते.

पालित बाहेर आला. मागल्या वर्षी एका मोतद्दाराने जखमी घोड्याला तेल लावू दिले नव्हते. रीत मोडली म्हणून राजाने त्याचा उजवा हात तोडवला. तो माणूस वेशीपाशी डाव्या हाताने भाकरी मोडताना पालितला रोज दिसे. आपलाही हात जाणार, हे त्याला कळत होते. गप्प राहिले तर पाठशाळाही मिळणार, हेही कळत होते.

त्याने सहा नवी मडकी आणली. शिळ्या पाण्याने एकेका बेडकाचे तेल धुतले. एकाच्या अंगचे उरलेसुरले तेल दुसऱ्याला लागू नये म्हणून त्याने प्रत्येकाला वेगळ्या मडक्यात, ओल्या शेवाळावर ठेवले आणि तो त्या खोलीच्या दारात उभा राहिला.

चौथ्या सकाळी राजमाता चांदीची वाटी घेऊन आल्या. मागे राजा, त्याच्या मागे आचार्य.

"बाजूला हो रे," राजमाता म्हणाल्या. "लेकरांना तेल लावायचंय."

"तुमच्या तेलानेच तीन गेले, राजमाता."

राजाचा हात तलवारीवर गेला. "आचार्य, हे खरं?"

आचार्य फरशीकडे बघत म्हणाले, "प्रवासाचा शीण, महाराज."

पालितने अंगावरचे उपरणे काढले. त्याचे टोक चौपदरी करून वाटीत बुडवले आणि पुढे धरले. "हे नाकातोंडावर घट्ट धरा, राजमाता. शंभर मोजेपर्यंत. त्यांची सगळी कातडी म्हणजे नाकच आहे."

राजा पुढे सरला. राजमातांनी त्याला अडवले आणि ते फडके घेतले. पालित मोजू लागला. सव्वीसपर्यंत त्यांचा चेहरा काळवंडला. त्यांनी फडके ओढून टाकले आणि त्या भिंतीला धरून श्वास घेत राहिल्या.

"मी मारलं त्यांना?"

नाही म्हटले तर हात वाचणार होता.

"हो," पालित म्हणाला.

राजमातांनी कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा. "आता काय करायचं?"

"लांब बसायचं. हात लावायचा नाही."

त्या दारापाशी जमिनीवर बसल्या. आई बसली म्हणून राजालाही बसावे लागले. दोन दिवस एकाही बेडकाने काही खाल्ले नाही. पालित दर घटकेला आपल्या उजव्या मनगटाकडे बघे. त्यातच एक बेडूक गेला. तिसऱ्या दिवशी दुसरा एक काडीवर चढला आणि त्याने माशी गिळली. राजमाता हळूच राजाला म्हणाल्या, "तलवार खाली ठेव." राजाने ठेवली.

एवढे सांगून भिक्षूंचे गुरू असलेले शास्ते थांबले. मग विहारातल्या मंडळींना म्हणाले, "ते राजवैद्य म्हणजे माझ्या उजवीकडे बसलेले हे ज्येष्ठ भिक्षू, स्थविर. ती राजमाता म्हणजे भिक्षुणींतली वडील, थेरी सुदंता. राजा म्हणजे हा विहार बांधून देणारा श्रेष्ठी. ते बेडूक म्हणजे काल लांबून आलेले नवे भिक्षू. तापाने फणफणले असताना त्यांना तुम्ही वंदनेच्या रितीसाठी दोन प्रहर उन्हात उभे केलेत. आणि पालित मीच होतो. तेव्हा मला फार भीती वाटली होती. भीत भीत केलेली करुणा, ती ही." मग ते उठले आणि पाण्याचा घडा घेऊन आजाऱ्यांच्या खोलीकडे गेले.