साऊची चूल

वाडेखोल गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठावर, गरम पाण्याचे एक कुंड आहे. लांबी-रुंदी साधारण आठ हातांची, चारही बाजूंनी जांभ्या दगडाचा कठडा. पाणी नितळ, तळातून बुडबुडे येतात, गंधकाचा वास दहा पावलांवरूनच लागतो. कुंडातले पाणी एका पन्हळीतून खालच्या दोन टाक्यांत जाते. तिथे ते जरा निवते आणि मगच आंघोळीला घेतात. कुंडाला लागून एकच घर आहे, कौलारू, बुटके. आजूबाजूच्या घरांवर दुपारच्या स्वयंपाकाचा धूर दिसत होता. या घरावर नव्हता.

कोकणातले गरम झरे पाहायचे म्हणून हेमंत आणि मी, आम्ही दोघे नवरा-बायको, आठ दिवसांची रजा काढून निघालो होतो. हे आमचे पाचवे कुंड. हेमंतने सवयीप्रमाणे दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडला. चौऱ्याऐंशी अंश भरले. तो आकडा मी वहीत लिहून घेत असताना पाण्यात सोडलेली एक पुरचुंडी दिसली. फडक्यात काहीतरी बांधून ते दोरीने कठड्याच्या खुंटीला अडकवले होते.

"तांदूळ हाय," कठड्यावर बसलेले म्हातारे म्हणाले. "ह्या घरातल्या इंदूताईचा भात. त्येला हात लावू नका, बाकी कुठं पण लावा."

हे भागोजी शिगवण. वय ऐंशीच्या पुढे. देवीच्या पालखीचा मान त्यांच्या घराण्याकडे आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कुंडाची हकीकत तेच सांगतात. आम्ही विचारले, तेव्हा त्यांनी आधी हेमंतला थर्मामीटर पाण्याबाहेर काढायला लावला. मग सांगायला सुरुवात केली. ती हकीकत त्याच क्रमाने पुढे लिहिली आहे.

फार पूर्वी इथे गरम पाणी नव्हते, असे सांगतात. साधा ओढा होता आणि काठावर साऊ नावाच्या सुईणीचे घर होते. गावात जन्मलेले प्रत्येक माणूस तिच्या हातून न्हालेले. एका वर्षी शिमग्यानंतर डोंगरावरून वणवा उतरला आणि गवताने शाकारलेली सात घरे जळाली. गाव घाबरले. देवीपुढे कौल लावला. कौल असा मिळाला, की अकरा दिवस गावात कोणी विस्तव पेटवायचा नाही. पेटवला तर उरलेली घरेही राहणार नाहीत. कौल घेणारा होता राघोजी, गावचा गावकर, म्हणजे मुख्य मानकरी. त्याने घरोघरी जाऊन चुली स्वतः विझवल्या. लोक भिजवलेले पोहे, गूळ, ताक आणि ओले काजूगर यांवर राहू लागले.

सातव्या दिवशी पहाटे राघोजीची सून तुळसा बाळंत झाली. पहिलटकरीण, खूप अडली होती. मूल झाले ते निळे, गार आणि न रडणारे. तुळसाचे अंगही थंडीने कापू लागले. साऊने गरम पाणी मागितले. घरात कोणी हलले नाही. सूर्य उगवायला अजून वेळ होता, म्हणजे उन्हात पाणी तापवण्याचीही सोय नव्हती. राघोजीची बायको येसू दारात उभी राहून नवऱ्याकडे पाहत होती.

राघोजी म्हणाला, "कौल मी घेतलाय. मीच कसा मोडू?"

साऊ म्हणाली, "तू नको मोडूस. तू बस उंबऱ्यावर. माझी चूल माझ्या घरात हाय."

मूल येसूच्या पदरात देऊन, ते छातीशी धरायला सांगून, ती घरी गेली. चकमक झाडली, चूल पेटवली, हंडा ठेवला. गवताच्या छपरातून धूर वर आला, तो सगळ्या गावाने पाहिला. धूर काही मुठीत धरता येत नाही. पाणी तापले तसा तिने विस्तव विझवला आणि हंडा डोक्यावर घेऊन, भर वाटेने, बघणाऱ्यांच्या मधून ती राघोजीच्या घरी आली. मुलाला कोमट पाण्यात धरले, आईला शेकले. थोड्या वेळाने मूल रडले. मुलगी होती. रडणे ऐकून बाहेर जमलेले लोक घरोघर गेले, पण दुपारी पुन्हा सगळे देवळापुढे जमले. कौल मोडला होता, त्याचे काय करायचे हा प्रश्न होता.

बहुतेकांचे म्हणणे पडले, की साऊला गावाबाहेर काढावे. साऊने पेटवले नाही असे म्हटले नाही. कोणाच्या पायाही पडली नाही. ज्या विस्तवाने राघोजीची सून आणि नात वाचली, त्याच विस्तवाचा निवाडा त्याला करायचा होता. माफ करावे तर घरच्यासाठी कौल फिरवला असे गाव म्हणणार. शेवटी तो म्हणाला, "साऊ गावातच राहील. पण ज्या चुलीत कौल मोडला, त्या चुलीत पुन्हा विस्तव पेटायचा नाही. तिच्या हयातीत नाही, तिच्या मागे नाही."

"राघू," साऊ म्हणाली, "तुला पहिल्यांदा न्हाऊ घातलं ते पाणी पण त्याच चुलीवर तापलेलं होतं." एवढे बोलून ती उठली.

राघोजीने दया केली की कडक शिक्षा केली, यावर गावात अजून दोन मते आहेत, असे भागोजींनी मध्येच सांगितले. त्यांचे स्वतःचे मत त्यांनी सांगितले नाही.

साऊ एकटी होती, पण दुसऱ्याच्या शिळ्यावर जगणारी नव्हती. घरी आल्यावर तिने हंड्यात उरलेले पाणी मागच्या कातळावर ओतून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कातळाला भेग पडली होती आणि तिच्यातून वाफ येत होती, असे म्हणतात. दुपारपर्यंत पाणी वर आले. साऊने बोट बुडवले आणि चटकन मागे घेतले. मग घरात गेली, तांदूळ धुतले, फडक्यात बांधले आणि पाण्यात सोडले. भात झाला. देवीने शिक्षा मोडली नाही, पण तिला उपाशीही ठेवले नाही, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला. त्या अकरा दिवसांत गावात दुसरा वणवाही आला नाही.

"पण पाण्यात भाकरी होत नाय," भागोजी म्हणाले. "भाकरीला तवा पायजे, तव्याला जाळ."

ही गोष्ट पहिल्यांदा येसूच्या लक्षात आली. अकरा दिवस संपून गावात चुली पेटल्या, त्या दिवशी तिने आपल्या घरच्या पहिल्या दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि सगळ्यांसमोरून ओढ्याकडे गेली. राघोजी ओटीवर बसला होता. त्याने पाहिले आणि तोंड फिरवले नाही. दुसऱ्या दिवशी शेजारणीने नेल्या, तिसऱ्या दिवशी तिसऱ्या घरातून गेल्या. साऊने मागितल्या नव्हत्या. भात देवीने दिला, भाकरी तिने माणसांवर सोडली, असे जुनी माणसे म्हणत. साऊने पुढे एक भाची आणून सांभाळली. तिच्या वंशात ते घर चालत आले आणि पाळीही चालत आली.

हेमंतने विचारले, "इतक्या पिढ्या झाल्या. गावाने शिक्षा मागे का नाही घेतली?"

"घेतली की," भागोजी म्हणाले. "माझ्या बापानं घेतली. देवळात नारळ ठेवला, रीतसर कौल लावला, देवीनं उजवा दिला, म्हंजे होकार. सगळे वाजतगाजत इथं आले, की चला, आजपासून चूल पेटवा. इंदूची आजी तेवा होती. ती दारात आली, पदराला हात पुसले नि म्हणाली, चूल पेटली तर माझ्या दारात रोज कोण येईल? सगळे नारळ घेऊन परत गेले."

"आणि आता? वीज आहे ना घरात?" मी विचारले.

"हाय. ती किटलीत चहा करते, मी पण पितो. विजेच्या शेगडीवर भाकरी होते का, ते अजून तिला कोणी विचारलेलं नाय. तुमी विचारू नका, वैनी."

मी विचारले नाही. आजही त्या घरात चूल आहे. इंदूताई ती रोज सारवतात, सणाला तिच्यापुढे रांगोळी काढतात, आणि आत एक काटकीही ठेवत नाहीत. गावात एक्केचाळीस उंबरे आहेत. त्यांतली अकरा घरे मुंबईला गेल्यामुळे बंद आहेत. त्यांची पाळी शेजारचे करतात. गावात ज्या घरी मूल जन्मते, त्या घरातूनच बाराव्या दिवशीची भाकरी इंदूताईंकडे यावी लागते. मूल तालुक्याच्या इस्पितळात जन्मलेले असले तरी.

आम्ही निघत होतो तेव्हा बारा वाजायला आले होते. एक तरुण बाई फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या घेऊन आली. इंदूताईंनी फडके सोडले. नाचणीच्या तीन भाकऱ्या होत्या, सगळ्यांत वरची एका कडेने काळी झालेली.

"तव्यावर ठेवून कुठं गेली होतीस गो?"

"फोन आला मधेच."

"कुणाचा?"

"आईचा."

"काय म्हणते?" असे विचारत इंदूताईंनी ती काळी कड मोडून बाजूला ठेवली आणि तिला बसायला पाट सरकवला.